चर्चमध्ये जालन्याचे जुने मिशनरी येताहेत आणि मला 'फळ' म्हणून उभं करणार आहेत. काय बोलू?

घाणेवाडीची पोर
मंगळवार, रात्री ११:४०

सगळ्यांना सलाम. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. उद्यापासून नाइट ड्युटी आहे, झोप उलटीपालटी झालीय, म्हणून बसलेय लिहायला.

मी मूळची जालन्याची. चार वर्षं झाली, स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. फाइफ भागात समुद्राकाठी एक छोटं गाव आहे, तिथे राहते. माझ्या फ्लॅटच्या खालच्या गल्लीत चर्च ऑफ स्कॉटलंडचं जुनं दगडी चर्च आहे. रविवारी तिथेच जाते, कारण बारा तासांच्या ड्युट्या करून एडिंबरोपर्यंत जायला अंगात जीव उरत नाही. चाळीसेक माणसं येतात. मी गेले तर सरासरी वय पंचाहत्तर, नाही गेले तर ऐंशी.

हे चर्च आता विकायला निघालंय. इकडे ठिकठिकाणी हेच चाललंय. माणसं कमी, छपरं गळकी, हीटिंगचं बिल भरता भरत नाही. शेवटची उपासना ऑक्टोबरात आहे. त्याआधी एका जोडप्याला बोलवायचं ठरलंय. साहेब ९१ वर्षांचे, बाई ८८. दोघं १९६१ ते १९७८ मिशनरी होते, आणि कुठे, तर जालन्याला. आपल्या सोन्याच्या पाळण्याला! साहेब पाद्री, पण पुढे जास्त करून बोअरिंगच्या कामात. बाई नर्स. त्यांच्या पगारातला काही हिस्सा ही सगळी वर्षं या चर्चनं उचलला. इथे घरटी नंबर घातलेली छोटी पाकिटं देतात, दर रविवारी त्यात अर्पण घालून ताटात ठेवायचं. त्या पाकिटांतून जालन्याचा वाटा निघायचा. बदल्यात दर तीन महिन्यांनी जालन्याहून सायक्लोस्टाइल केलेलं पत्र यायचं आणि उपदेशानंतर वाचलं जायचं.

आता माझं दुखणं. सेशन क्लार्क म्हणून एक बाई आहेत. आपल्याकडच्या पास्टोरेट कमिटीच्या चिटणीस समजा. वय ७९, पण माझ्यापेक्षा भरभर चालतात. गेल्या रविवारी चहाच्या वेळी माझा हात धरून म्हणाल्या, त्या दिवशी तू पाच मिनिटं बोल. इथे सगळं 'वी' असतं, म्हणजे इवलंसं. वी चहा, वी पाऊस, वी ऑपरेशन. तसंच हे वी भाषण. आणि पुढे म्हणाल्या, अगं, आमच्या पाकिटांचं फळ आहेस तू, लोकांना एकदा डोळ्यांनी बघू दे.

फळ. मी हसून हो म्हटलं आणि घरी येऊन तासभर भांडी घासत बसले. भांडी तीनच होती.

पहिलं म्हणजे हिशोबच चुकीचा आहे. आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते नारायण शेषाद्री पाद्रींच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, जालन्याजवळ बेथेल या ख्रिस्ती वस्तीत. आमच्या घरात बायबल आलं तेव्हा या साहेबांचे आजोबा पाळण्यात असतील. माझ्या नर्सिंगची फी बाबांनी बदनापूरकडची दीड एकर विकून भरली. त्या दीड एकराचं पाकीट कोणी मोजलंय?

दुसरं जरा अवघड आहे. माझी आज्जी आधी बंगल्यावर कामाला होती, मग दवाखान्यात आया झाली. तिच्या बोलण्यात दोन मडमा यायच्या, थोरल्या मडम आणि धाकल्या मडम. त्यांतली एक आज्जीला मागच्या व्हरांड्यात चहा द्यायची, टवके उडालेल्या निळ्या एनॅमलच्या मगात. तो मग घरात यायचा नाही, बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. दुसरी आज्जीच्या बाळंतपणात रात्रभर तिच्या उशाशी बसली होती. कुठली कोण हे मला लहानपणी पक्कं ठाऊक होतं, आता आठवत नाही. आज्जी २००९ मध्ये गेली, विचारणार कोणाला? येणारी बाई या दोघींपैकीच एक असणार.

सेशन क्लार्कबाईंनी मला जुन्या पत्रांची फाइल बघायला दिलीय. त्यात एक फोटो आहे. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर सात बायका, नऊवारी नेसलेल्या, उन्हानं डोळे बारीक केलेले. मागच्या ओळीत डावीकडून तिसरी माझी आज्जी. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय: 'मदतनीस, जालना, १९६६'.

तर मंडळी, बोलू का नको? बोलले तर काय? आणि जेवणाला प्रत्येकानं काहीतरी न्यायचंय. इतक्या म्हाताऱ्या माणसांना जालन्याचं काय खाऊ घालू? येत्या नाही, पुढच्या रविवारी आहे हे.

लीड्सचा दादा
बुधवार, सकाळी ७:०५

जेवणाचं मी सांगतो, बाकीचं मोठी माणसं सांगतील. ज्वारीचं पीठ ग्लासगोत मिळेल, पाकिटावर 'जुवार' लिहिलेलं असतं. पण भाकरी करायला जाऊ नका. गार झाली की त्या वयात दातांना होत नाही. धपाटे करा, दही घालून मऊ मळा, तिखट निम्मं. येसर असेल तर आमटी भारी होईल, पण नसणारच तुमच्याकडे. आणि सेशन क्लार्कबाईंना आधी फोन करून डायबेटिस, गिळण्याचा त्रास वगैरे विचारून घ्या. तुम्ही नर्स आहात, मी काय सांगणार म्हणा.

स्पष्टवक्ता
बुधवार, सकाळी ९:३१

मिशनरी समाजसेवेला आले नव्हते, माणसं बाटवायला आले होते. दवाखाना आणि विहीर हे आमिष. आणि तुम्ही आभाराचं भाषण लिहिताय. तो निळा मग न्या आणि द्या हातात.

घाणेवाडीची पोर
बुधवार, दुपारी ४:१२

@स्पष्टवक्ता, तो निळा मग माझ्याकडे असता तर नेलाही असता. पण 'आमिष' म्हणताना आमच्या पूर्वजांना गळाला लागलेला मासा करू नका. बेथेलला ते गेले कारण तिथे नांगराला जमीन होती आणि विहिरीवर कोणी हटकत नव्हतं. त्यांच्या गावातली विहीर कोणी अडवली होती, हे आधी विचारा. धर्मावर इथे वाद नको, माझा प्रश्न पाच मिनिटांचा आहे.

हापसेवाला
बुधवार, रात्री ८:५०

ताई, नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. मी सोलापूर जिल्ह्यात पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात ३१ वर्षं काढली. तुमची पोस्ट मुलीनं दाखवली, म्हणाली, बाबा, तुमचा विषय आहे.

साहेब बोअरिंगच्या कामात होते म्हणता. मग तुम्हाला हे माहीत पाहिजे. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. पूर्वी विहीर खणायची म्हणजे पहारी, सुरुंग, आणि माणसांचे हाल. पाणी लागेपर्यंत दोन दोन उन्हाळे जायचे. जालन्याच्या स्कॉटिश मिशननं १९६०च्या दशकात दाबाच्या हवेवर चालणारं हातोड्याचं ड्रिल आणलं. ते पाषाणात घुसायचं. एका दिवसात शंभर-दीडशे फूट. लोक तोंडात बोटं घालून बघत बसायचे, पाण्याआधी पांढऱ्या धुळीचा लोट वर यायचा.

पण भोक पाडणं सोपं असतंय. खरी मारामारी वरच्या पंपाची. त्या वेळचे पंप ओतीव लोखंडाचे, विलायतेत एखाद्या घराच्या परसात दिवसाला चार बादल्या काढायला बनवलेले. आपल्याकडे त्याच्यावर पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत अख्खं गाव. पोरं हँडलला लोंबकळणार. पिना झिजायच्या, हँडल तुटायचं, आणि चांगलं पाणी असलेला बोअर नुसता उभा. मग मिशनच्याच वर्कशॉपात लोकांनी डोकं चालवलं. आधी जालन्याचा पंप आला, ओतीव सांधे कमी करून पोलादाचा. मग आमच्या सोलापूरचा, तोही तिथल्या मिशनच्या वेल सर्व्हिसचा, म्हणजे बोअर मारणाऱ्या संस्थेचा. त्यात हँडलच्या खुंटीला बंद बॉल बेअरिंग घातली आणि खालचा रॉड साखळीला टांगला, म्हणजे हँडल कसंही मारा, रॉड सरळच वर जाणार. सत्तरच्या दशकात युनिसेफनं सोलापूरचा पंप धरला, मद्रासच्या कारखान्यात त्याच्यावर काम झालं, आणि त्यातनं निघाला इंडिया मार्क टू. तुमच्या माझ्या शाळेसमोरचा हापसा तो हाच. पुढे लाखोंनी बनले, आफ्रिकेतही गेले.

या गोष्टीत एक गोम आहे. पुस्तकात 'मिशननं पंप बनवला' लिहितात. वर्कशॉपात वेल्डिंग कोणी केलं? ज्याला इंग्रजी येत नव्हतं पण पिन का झिजते ते हातानं कळत होतं, त्यानं. सोलापूरच्या पंपाचं असंच सांगतात, शाळा न शिकलेल्या मेस्त्रीचं डोकं.

म्हणून माझं काम करा. साहेबांना विचारा, जालन्याच्या पंपाची खुंटी बदलायची कल्पना कोणाची? आणि बोअर मारून तुम्ही पुढच्या गावाला गेल्यावर साखळीला ग्रीस कोण लावायचं? मी ३१ वर्षं हेच केलंय, चामडी वॉशर बदलणं आणि ग्रीस लावणं. पण उद्घाटनाला मला कधी कोणी बोलावलं नाही.

तुम्ही फळबिळ नाही. पण हापसा हाय.

जुने मास्तर
गुरुवार, सकाळी ६:२०

चि. घाणेवाडीच्या पोरीस, अनेक आशीर्वाद.

तू शेषाद्रींचं नाव काढलंस म्हणून लिहितो. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे जालन्यात आला. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यानं बेथेल वसवलं. १८७३ मध्ये तो अमेरिकेत न्यूयॉर्कच्या परिषदेला गेला. त्या दौऱ्यात स्कॉटलंडच्या चर्चांतही डोक्याला पांढरी पगडी बांधून उभा राहिला, बेथेलसाठी मदत मागायला. कशाला सांगतो, तर तिथल्या चर्चमध्ये जालन्याचा माणूस उभा राहणं ही दीडशे वर्षांची जुनी रीत आहे. तू पहिली नव्हेस. आणि तो फळ म्हणून गेला नव्हता. हिशोबाची वही घेऊन गेला होता.

दुसरं. देणारे फक्त तिकडे होते असं समजू नकोस. आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत सुगीच्या सणाला ज्वारीची पेंडी, भोपळा, कोंबडी वेदीपुढे यायची, मग अंगणात लिलाव व्हायचा. मी स्वतः एका म्हातारीला आपणच आणलेलं अंडं दीडपट भावानं परत विकत घेताना पाहिलंय. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्यातून त्यांची मंडळी मिशनरी पाठवते. पाकीट काय आणि मूठ काय, देणाऱ्या हाताला पुढचं दिसत नसतं. दिसावं म्हणून तर हे पाहुणे बोलावतात.

माझा सल्ला: भाषण करूच नकोस. विचार. म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारत नाही, नुसतं ऐकवतात. (हे मी अनुभवानं सांगतो, वय ८३.)

कोलीवाड्याची सिस्टर
गुरुवार, दुपारी १:४४

साडी नेस. कॉटनची. तिकडे थंडी वाजेल म्हणून आत थर्मल घाल, कोणाला कळत नाही.

घाणेवाडीची पोर
रविवार, रात्री ९:१५

झालं बाई एकदाचं. बूटही काढले नाहीत अजून, तशीच लिहितेय.

सकाळी हार पडला होता. फुलांचा नव्हे. इकडे समुद्रावरून दाट धुकं गावात चढतं, त्याला हार म्हणतात. समोरची रांग दिसत नव्हती, म्हणून पाहुण्यांची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. मुलगा घेऊन आला होता, तोच सत्तरीला टेकलेला वाटला मला, पण साठीचा निघाला. साहेबांच्या दोन्ही कानांत मशिनं. बाई काठी टेकत, दर पायरीला थांबत.

मी दारातच उभी होते, साडीत, थर्मलसकट. इंग्रजीत काय म्हणायचं ते पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं 'सलाम'. बाई थबकल्या. काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या:

"सलाम, सलाम. कोणाची गं तू?"

असं मला चार वर्षांत कोणी विचारलं नाही. इथे विचारतात, तू कुठून आलीस. कोणाची, हे जालन्याच्या बायका विचारतात, नळावर. मी आज्जीचं नाव सांगितलं. त्या काही बोलल्याच नाहीत. माझी हनुवटी तेवढी धरून ठेवली. मागून साहेब जोरात, "काय म्हणते? काय म्हणते?" त्यांचा मुलगा आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघतोय, त्याला मराठी येत नाही. तो सुट्टीत तेवढा जालन्यात असायचा, शाळा कोडाईकनालला.

उपासना नेहमीसारखी. इथे सुरुवातीला एक माणूस मोठं बायबल दोन्ही हातांत धरून आत आणतो आणि सगळे उठून उभे राहतात. मला हे फार आवडतं, ऑक्टोबरनंतर ते पुस्तक कोण कुठे नेणार देव जाणे.

मग माझी पाळी. मास्तर, तुमचंच ऐकलं. फोटो मोठा करून आणला होता, तो उचलून धरला. म्हटलं, ही माझी आज्जी. मागे 'मदतनीस' लिहिलंय. सात जणी आहेत, मला दोघींचीच नावं माहीत आहेत. बाकीची तुम्ही सांगाल का?

बाई उठल्या. मुलगा धरायला गेला तर त्याचा हात झटकला. पुढच्या बाकाला धरून काठीच्या टोकानं एकेकीवर बोट ठेवल्यासारखं केलं आणि नावं घेतली. नुसती नावं नाही, "ही टाके फार सुंदर घालायची", "हिचा नवरा रेल्वेत", "ही मला रागवायची". सहा झाली. सातवीशी काठी थांबली. थांबलीच. चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी त्या इंग्रजीत म्हणाल्या, हिचं नाव गेलं माझं, आणि बसल्या. सेशन क्लार्कबाई तोवर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं नावं लिहीत होत्या, प्रत्येकाचं स्पेलिंग मला खुणेनं विचारत. सातव्या जागी त्यांनी रेघ ओढून ठेवलीय.

त्यानंतर साहेब बोलले, बसूनच. हे मी जसं आठवतं तसं लिहिते.

म्हणाले, दर तीन महिन्यांनी आम्ही तुम्हाला लिहायचो. अमुक गावात १४० फुटांवर पाणी लागलं, बायका रडल्या, पाटलानं नारळ फोडला. ते सगळं खरं होतं. पण तोच पंप तीन महिन्यांत मोडला, हे आम्ही कधी लिहिलं नाही. १९७२च्या दुष्काळात मी एका गावातून गेलो, तर आमच्याच मोडक्या पंपाला कोणीतरी बैल बांधला होता. खाली पाणी होतं. वर बैल. त्या महिन्याच्या पत्रात मी दुसऱ्याच गावाचं लिहिलं. कारण मला वाटायचं, मोडल्याचं कळलं तर तुम्ही पाकिटं बंद कराल.

कोणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरून, जिथे ते मासेमारीतले निवृत्त आजोबा बसतात, आवाज आला: "आम्ही बंद केली नसती."

एवढंच. स्कॉटिश माणूस याहून जास्त बोलत नाही.

जेवणाला इथलं मसुराच्या डाळीचं सूप होतं, आपल्या पातळ वरणाची बहीण. शेजारी माझे धपाटे. लीड्सच्या दादा, तिखट निम्मं केलं तरी सेशन क्लार्कबाईंनी दोन ग्लास पाणी प्यायलं. मडमबाईंनी मात्र धपाटा सुपात कुस्करला आणि चमचा बाजूला ठेवून बोटांनी खाल्ला. खाता खाता मराठीत आल्या. जुनी, खणखणीत जालन्याची मराठी, 'कामून' आणि 'काय करू राहिली' वाली. आमच्या घरातसुद्धा अशी आता फक्त आत्या बोलते.

त्या निळ्या मगाचा विषय मी काढणार नव्हते, खरंच. त्यांनीच काढलं. म्हणाल्या, मी बंगल्यात आले तेव्हा तो मग खिळ्याला होताच. आधीच्यांनी ठेवलेला. खानसाम्यानं सांगितलं, हा तिचा. दोन वर्षं मी त्यातच चहा दिला. विचारलं नाही.

मी म्हटलं, मग?

"मग तुझी आज्जी बाळंत झाली."

पुढे काही नाही. दुसरा धपाटा मागितला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. मगात चहा देणारी एक आणि उशाशी बसणारी दुसरी, अशा दोन मडमा मीच करून ठेवल्या होत्या का? का थोरलीचा मग वेगळा आणि हिचा वेगळा? आज्जीनं नेमकं काय सांगितलं होतं? बाबांना फोन केला, तर म्हणाले, मला कुठं ठाऊक, बाळंतपणात मी नुकताच जन्मलो होतो.

@हापसेवाला काका, तुमचं काम केलं. ग्रीसचं उत्तर: कोणीच लावायचं नाही, कोणाला नेमलंच नव्हतं, पुढे नेमायला सुरुवात झाली. खुंटीचं विचारल्यावर साहेबांनी काठी टेबलाच्या कडेला आडवी लावली, एक हात टेकू म्हणून खाली धरला आणि दुसऱ्यानं हँडल मारून दाखवलं, पिन कुठे खायची ते. सूप सांडलं. कल्पना कोणाची, तर वर्कशॉपातल्या एका फिटरची. म्हणाले, पत्रात मी 'आम्ही' लिहिलं. नाव सांगितलं त्यांनी, आडनावासकट. ते इथे टाकत नाही, त्या घरच्यांना आधी विचारते. जालन्यात ते घर बाबांच्या ओळखीचं निघालंय.

निघताना सेशन क्लार्कबाईंनी ती फाइलच माझ्या हातात दिली. मूळ प्रती एडिंबरोला अर्काइव्हमध्ये जातील, पण या सायक्लोस्टाइलच्या प्रती इथे कोणाच्या घरी पडून राहणार? वर म्हणाल्या, वी ओझं आहे, नेशील ना? साडेतीन किलो भरलं.

६१ पत्रं आहेत. आधी त्या बैलाच्या महिन्यातलं शोधतेय. आणि फोटोतल्या सातव्या बाईंना कोणी ओळखेल का? पुढची ओळ, उजवीकडून पहिल्या, कपाळावर मोठं गोंदण, मांडीवर पितळी डबा. जालना, परतूर, अंबडकडचे कोणी असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा, फोटो उद्या टाकते. मास्तर, तुम्हीही बघा.